पैसे देऊन भिजायला

महाडचा माणूस पाण्याविषयी बोलायला लागला की लवकर थांबत नाही. सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठचं आमचं गाव. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन ज्या तळ्याचं पाणी प्यायले, ते चवदार तळं आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधल्या परिषदेला गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. ही गोष्ट आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो आणि मुलं दरवर्षी विचारतात, "टीचर, ती जमीन कुठेय?" पाणी आमच्या इतिहासात आहे, भूगोलात आहे आणि दर काही वर्षांनी घरातही असतं. अशा गावातली दोन मध्यमवयीन माणसं तिकीट काढून वॉटर पार्कला निघाली, म्हणून शेजाऱ्यांना गंमत वाटली असेल तर त्यांचा दोष नाही.

सासूबाईंनी तर ऐकल्या ऐकल्या विचारलं, "पैसे देऊन भिजायला जाता? जुलैपर्यंत थांबा की. पाणी घरीच येईल."

इथे एक खुलासा. या लेखात 'मी' सापडणार नाही. उर्दू आणि मराठी शिकवता शिकवता 'हम' जिभेवर असं बसलंय की मराठी लिहिताना 'मी' लिहायला पेन अडतं. तेव्हा 'आम्ही' म्हणजे कधी आम्ही दोघं, कधी नुसती टीचर. वाचक भगिनींनी संदर्भाने समजून घ्यावं. आमचे मियाँ म्हणजे 'हे'.

तिकिटं काढली होती लेकीने. पुण्याला फार्मसी शिकते, संध्याकाळी दोन मुलांच्या शिकवण्या घेते. त्या पैशांतून तिने आमच्या लग्नाच्या बाविसाव्या वाढदिवसाला ही भेट दिली. खोपोली-पाली रस्त्यावरच्या इमॅजिकाच्या वॉटर पार्कची दोन तिकिटं आणि खोपोलीत एका रात्रीची खोली. फोनवर म्हणाली, "अम्मी, तुम्ही दोघं फक्त दोघंच असे शेवटचे कुठे गेला होतात?" आम्ही आठवत बसलो. लग्नं झाली, मय्यती झाल्या, सासऱ्यांच्या आजारपणात मुंबईच्या दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या, बँकेत कर्जाच्या कागदांवर दोघांच्या सह्या झाल्या. फक्त दोघंच आणि फक्त मजेसाठी असं मात्र एकदाही नाही. लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो होतो, तिथेही दोन नणंदा बरोबर होत्या.

पण लेकीने हेच ठिकाण का निवडलं, हे आम्ही विचारलं नाही. थोडंफार कळत होतं.

२०२१ साली बकरी ईद २१ जुलैला होती. पाऊस आदल्या दिवसांपासून लागून होता. कुर्बानीचं मांस वाटून, पाहुण्यांना निरोप देऊन आम्ही दमून पडलो आणि रात्री भोंगा वाजला. सावित्रीने धोक्याची पातळी ओलांडली की आमच्याकडे भोंगा वाजतो. महाडकरांना तो नवीन नाही. भोंगा झाला की गाड्या उंचावर न्यायच्या, दुकानातला खालचा माल वरच्या फळीवर चढवायचा. यांचं कापडाचं दुकान आहे. माल वरच्या फळीवर चढवला. पहाटेपर्यंत वरची फळी पाण्याखाली होती.

त्या दिवशी यांनी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या खालाजींना खांद्यावरून आमच्या वरच्या मजल्यावर आणून सोडलं आणि पुन्हा पाण्यात गेले. पलीकडच्या घरात आणखी माणसं होती. दोन तास यांचा पत्ता नव्हता. फोन बंद, वीज नाही, खिडकीतून दिसत होतं ते फक्त चॉकलेटी पाणी आणि त्यातून वाहत जाणारी सिलिंडर. त्याच दिवशी आमच्याच तालुक्यात तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. हे परत आले, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या दोन तासांबद्दल आजवर एक शब्द बोललेले नाहीत.

चिखल महिनाभर निघत होता. कर्ज अजून फिटतंय. या गोष्टी मोजता येतात. मोजता न येणारी गोष्ट ही, की लहानपणापासून सावित्रीच्या डोहात सूर मारणारा हा माणूस त्या दिवसानंतर पाण्यात उतरला नाही. श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर मुलं समुद्रात आणि हे वाळूत, हातात सगळ्यांच्या चपला घेऊन बसलेले. कुणी बोलावलं की म्हणायचे, "चपला कोण सांभाळणार?" आम्हाला स्वतःला पोहता येत नाही, त्यामुळे आग्रह तरी कोणत्या तोंडाने करणार?

तर मे महिन्यात, निकाल लावून झाल्यावर, एका शनिवारी फजर पढून निघालो. बी.एड.ची सवय जात नाही. आदल्या रात्री आम्ही वहीत पाठटाचण काढावं तशी यादी केली होती. साहित्य : टॉवेल दोन, सुके कपडे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, जानमाज, चष्म्याची दोरी. यांनी वही बघितली आणि खाली पेन्सिलीने लिहिलं, 'उद्दिष्टे : लिहायची राहिली.'

जुनी गाडी, सफरची दुआ, आणि मुंबई-गोवा महामार्ग. या महामार्गाच्या रुंदीकरणाविषयी कोकणातल्या माणसाने लिहू नये, कारण मासिकाची पानं संपतील. माणगाव गेलं, कोलाड आलं. कोलाडला कुंडलिका नदीत रबरी होड्यांतून तरुण पोरं सकाळीच निघालेली असतात. भर उन्हाळ्यात या नदीला एवढं पाणी कुठून, असं आम्हाला नेहमी वाटायचं. ते पाणी भिऱ्याच्या वीजघरातून येतं. वीज करून झाली की पाणी खाली सोडतात आणि त्या पाण्यावर होड्या चालतात. म्हणजे होडीची वेळ ठरते ती वीजघराच्या वेळेवर. हे लक्षात ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा उपयोगी पडणार आहे.

वाकण फाट्याला महामार्ग सोडला आणि पालीचा रस्ता धरला. पाली हे अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचं गाव. शनिवार असल्याने भाविकांच्या गाड्या होत्या. नारळ-फुलांच्या दुकानांशेजारी एका टपरीवर चहा आणि गरम वडे खाल्ले. पुढे अंबा नदीची सोबत. याच नदीच्या पुराने जुलै १९८९ मध्ये जांभूळपाडा गाव उद्ध्वस्त झालं होतं. मे महिन्यात नदी एखाद्या गरीब गायीसारखी दिसते, गोट्यांमधून वाट काढत. हे गाडी चालवता चालवता म्हणाले, "हिच्याकडे बघून वाटतं का?" आम्ही म्हटलं, "आपल्या सावित्रीकडे बघून तरी मेमध्ये कुठे वाटतं?" पुन्हा थोडा वेळ दोघं गप्प.

सह्याद्रीच्या पायथ्याला, उघड्या माळावर, अचानक रंगीत घसरगुंड्यांचे वेटोळे दिसू लागतात. मोठं थीम पार्क इथे २०१३ मध्ये सुरू झालं आणि वॉटर पार्क २०१४ मध्ये. वॉटर पार्कची मांडणी ग्रीसच्या मिकोनॉस बेटासारखी केलीय. पांढऱ्या भिंती, निळी दारं-खिडक्या. आजूबाजूला करपलेलं गवत, मागे सह्याद्री आणि मध्येच हे पांढरं-निळं बेट. भूगोलाच्या शिक्षकाला चक्कर येईल, पण डोळ्यांना थंड वाटतं हे खरं.

आता कपड्यांचा विषय, कारण आमच्या घरांमधून पहिला प्रश्न तोच असतो. वॉटर पार्कमध्ये सुती कपडे चालत नाहीत. आमच्या एका चुलत बहिणीला दुसऱ्या एका पार्कमध्ये सलवार-कमीज घातला म्हणून पाण्याच्या कडेलाच थांबवलं होतं. कारण नीट न सांगता थांबवल्यामुळे तिला तो आपला अपमान वाटला, आणि तिचं काही चूक नव्हतं. पण नियमामागे कारण आहे. सुती कापड पाणी शोषून जड होतं आणि माणसाला खाली ओढतं. त्याचे धागे सुटून गाळणीत अडकतात. ओढणी, नाडी किंवा सैल घेर घसरगुंडीच्या सांध्यात अडकला तर जिवावर बेतू शकतं. धातूची बटणं आणि चेन घसरगुंडीला ओरखडे पाडतात. नायलॉन-लायक्राचं कापड अंगाला धरून राहतं आणि पाणी लगेच सोडतं. नियम कापडाचा असतो, अंग किती झाकलं याचा नाही. हे तिकीट काढण्याआधी फोन करून त्या त्या ठिकाणी विचारून घ्यावं, म्हणजे दारात वाद होत नाहीत.

आमच्याकडे लेकीने मागवलेला पोशाख होता. पूर्ण बाह्या, घोट्यापर्यंत विजार, वर गुडघ्यापर्यंत अंगरखा आणि डोक्याला घट्ट बसणारी टोपी. सगळा पोहण्याच्या कापडाचा. यालाच जगात बुर्किनी म्हणतात. लेबनॉनमध्ये जन्मलेल्या आणि सिडनीत राहणाऱ्या अहेदा झनेट्टी या शिंपणीने हे नाव आणि हा पोशाख सुमारे वीस वर्षांपूर्वी आणला. हिजाब घालून नेटबॉल खेळणाऱ्या भाचीची होणारी अडचण बघून तिला खेळाचे कपडे शिवायची कल्पना सुचली. २०१६ मध्ये फ्रान्समधल्या काही समुद्रकाठच्या गावांनी त्यावर बंदी घातली, तेव्हा तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने व्हिलनव्ह-लूबे या गावची बंदी ऑगस्टमध्ये स्थगित केली. केवढा गहजब झाला होता! इथे खोपोलीच्या अलीकडे मात्र दारावरच्या मुलीने बाही चिमटीत धरून कापड पाहिलं आणि म्हणाली, "चालेल, जा मावशी."

मोठी कसोटी आत कपडे बदलायच्या खोलीत होती. आम्ही बायका बायकाच, तरी आरशासमोर कुणी उभं राहीना. एक ठाण्याच्या ताई, आमच्याच वयाच्या, लांब टी-शर्टावर आणखी एक टी-शर्ट चढवून बसल्या होत्या. त्यांनी आमच्या पोशाखाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आम्ही मनातल्या मनात उत्तराची तयारी केली. त्या म्हणाल्या, "कुठे मिळतो हो हा? उन्हाने हात काळे पडतात, आणि हे असं पोट घेऊन बाहेर जायचं म्हणजे..." मग दोघी हसलो. लेकीकडून दुकानाचं नाव विचारून त्यांना मेसेज केला. बाहेर पडताना लक्षात आलं की पाण्यात उतरलेल्या बायकांपैकी निम्म्या आमच्यासारख्याच झाकलेल्या होत्या, कारणं वेगवेगळी.

बाहेर हे बाकावर बसलेले. यांनीही नायलॉनची लांब चड्डी आणि टी-शर्ट घातला होता, पण मांडीवर दोन्ही पिशव्या घट्ट धरलेल्या. "सामान कोण सांभाळणार?"

"अहो, लॉकर आहे. लेकीने पैसे भरलेत."

"लॉकरचा काय भरवसा?"

आम्ही वाद घातला नाही. पिशव्या काढून घेतल्या, लॉकरमध्ये टाकल्या आणि किल्लीचा पट्टा यांच्या मनगटाला बांधला. आता यांच्याकडे सांभाळायला तेवढाच उरला.

घसरगुंड्यांचं फार वर्णन करत नाही. ज्यांनी केल्यात त्यांना माहीत आहे, ज्यांनी नाही त्यांना सांगून पटणार नाही. वर चढायला जिने खूप, रांग लांब. वर उभा असलेला मुलगा एकच वाक्य दिवसभर म्हणत असतो, हात छातीवर, पाय एकमेकांवर, डोकं मागे. हे तो उगाच सांगत नाही. घसरगुंडीवर पाण्याचा पातळ थर सोडलेला असतो, त्यामुळे अंग जवळजवळ कशालाच अडत नाही. वळणावर हात बाहेर काढला की तो आपटतो. बंद नळीतून जाताना काळोखात क्षणभर कळतच नाही की आपण वर आहोत की खाली. पहिल्यांदा आम्ही एकट्याच गेलो. हे खाली, पाणी जिथे घोट्याएवढं असतं तिथे कोरड्या कडेवर उभे होते. नळीतून बाहेर पडून आम्ही नाकातोंडात पाणी जाऊन खोकत उठलो, टोपी कानावर सरकलेली. आणि यांना इतकं हसू आलं की शेजारची पोरंसुद्धा वळून बघायला लागली. बऱ्याच वर्षांनी हे असं हसताना पाहिले. म्हणून पुन्हा वर गेलो. तिसऱ्यांदाही गेलो.

दुपारी लाटांच्या तलावाकडे. मोठा थोरला तलाव, एका कडेला किनाऱ्यासारखा उतार आणि दुसऱ्या टोकाला उंच भिंत. माणसाला घरबसल्या लाटा हव्यात ही हौस जुनी आहे. जर्मनीत म्युनिकजवळच्या स्टार्नबर्ग सरोवरावर १९०५ सालीच यंत्राने लाटा उठवणारं स्नानगृह होतं. अमेरिकेत अॅरिझोनाच्या वाळवंटी टेंपी गावात १९६९ मध्ये मोठा लाटांचा तलाव झाला. आपल्याकडे मुंबईत गोराईचं वॉटर किंगडम १९९८ चं. बहुतेक तलावांची युक्ती साधी असते. खोल बाजूच्या भिंतीमागे बंद खोल्या असतात. पंख्याने त्यांत हवा कोंबली की आतलं पाणी खाली दाबलं जातं आणि भिंतीखालच्या फटीतून तलावात येतं. हवा सोडली की पाणी परत आत. हे तालात केलं की लाट तयार होते. झोपाळ्याला वेळेवर दिलेल्या झोक्यासारखं. वर्गात सांगायला चांगलं उदाहरण आहे, वहीत लिहून घेतलं.

आणि एक सूचना. सगळ्यांची धाव खोल बाजूला असते, पण तिथे लाट आली की गर्दीत कोण कुठे आहे ते दिसत नाही. बुडणारा माणूस सिनेमासारखा ओरडत नाही, गप्प बुडतो. लहान मुलं हाताच्या अंतरावरच ठेवा, जीवरक्षक कितीही असोत.

आम्ही घोटाभर पाण्यात होतो. हे दोन पावलं मागे, ओल्या फरशीवर. तलाव शांत होता, लोक वाट बघत होते. आणि भोंगा वाजला.

लाटा सुरू व्हायच्या आधी इथे भोंगा वाजवतात, लोकांनी सावध व्हावं म्हणून. भोवतीची माणसं आनंदाने ओरडली. आम्ही दोघं मात्र जागच्या जागी थिजलो. महाडच्या माणसाला त्या आवाजाचा एकच अर्थ माहीत. आम्ही वळून पाहिलं तर यांचे डोळे तलावावर नव्हतेच. डोकं वर करून हे आजूबाजूला बघत होते, उंच जागा कुठे आहे ते. क्षणभरच. मग यांच्याही लक्षात आलं.

पहिली लाट आली, आमच्या गुडघ्यांना लागून मागे गेली. चारपाच वर्षांचा एक मुलगा पंख फुगवून बाबाच्या हाताला लोंबकळत किंचाळत होता, आणखी हवी म्हणून. आम्ही हात मागे केला. काही बोललो नाही. बोलण्यासारखं होतं तरी काय? "घाबरू नका" म्हणावं तर आमच्याच पायात गोळे आले होते. थोड्या वेळाने हातात हात आला. एक पाऊल, मग दुसरं. पाणी घोट्याला, मग पोटरीला. दुसऱ्या लाटेला आमचा तोल गेला आणि यांनी दंडाला धरून सरळ केलं. तेव्हा यांचा हात तसाच घट्ट लागला जसा पोहणाऱ्याचा लागतो, घाबरलेल्याचा नाही. तो फरक बाविसेक वर्षांच्या बायकोला कळतो.

कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर हे म्हणाले, "त्या दिवशी पाणी थंडगार होतं. हे कोमट आहे." एवढंच. चार वाक्यांनी आणखी एक, "आणि वास होता, डिझेलचा." मग लाट आली आणि यांनी पाय उचलून अंग पाण्यावर सोडून दिलं. भोंगा परत वाजला तेव्हा आम्ही दोघं तिथेच होतो. असे किती फेरे झाले ते मोजले नाहीत. शेवटी बोटांच्या टोकांच्या मनुका झाल्या.

जेवणाचं सांगायचं तर, बाहेरचा डबा बहुतेक वॉटर पार्कमध्ये आत नेऊ देत नाहीत. आत शाकाहारी पोटभर मिळतं आणि आम्हाला तेवढं पुरे, हलालची चौकशी करत बसावं लागत नाही. किमती मात्र पार्काच्याच. घरून आणलेल्या खिम्याच्या करंज्या गाडीत राहिल्या होत्या, त्या संध्याकाळी गाडीतच संपवल्या. नमाजचं म्हणाल तर आम्ही कोकणातले शाफई, सफरमध्ये जोहर आणि असर एकत्र करायची सवलत आहे. कपडे बदलून, वजू करून, गाडीतळाच्या कडेला झाडाच्या सावलीत जानमाज टाकली. एक सुरक्षारक्षक काका लांब उभे राहून येणाऱ्या गाड्यांना बाजूने वळवत होते. आम्ही सांगितलं नव्हतं.

नमाजनंतर यांना एक हदीस आठवली. ज्या खेळांना निरर्थक मानलेलं नाही त्यांत नेमबाजी आहे, घोड्याला शिकवणं आहे, नवऱ्याने बायकोबरोबर हसणं-खेळणं आहे आणि पोहायला शिकणं आहे. हे म्हणाले, "आज चारांतले दोन झाले."

"दीड," आम्ही म्हटलं. "पोहायला अजून कुठे शिकलोय?"

रात्र खोपोलीत काढली. खोली साधी, पंखा जोरात, आणि टीव्ही न लावता दोघं इतका वेळ बोलत बसलो की शेवटी शेजारच्या खोलीतून भिंतीवर टकटक झाली. काय बोललो ते इथे लिहायचं नाही.

रविवारी सकाळी परत फिरण्याआधी खोपोली बघितली. लोक खोपोली ओलांडून वर खंडाळा-लोणावळ्याला जातात, थांबत नाहीत. खरं तर एकेकाळी सगळ्यांना इथे थांबावंच लागे. १८५६ मध्ये मुंबईची आगगाडी इथपर्यंत पोहोचली होती, पण घाट चढायचा मार्ग अजून तयार नव्हता. प्रवासी इथे उतरत, पालखी नाहीतर तट्टू करून बोरघाट चढत आणि वर पुन्हा गाडी पकडत. १८६३ मध्ये घाटातून रूळ गेले आणि खोपोली एका फाट्याचं शेवटचं स्टेशन होऊन राहिली. गावात नाना फडणवीसांनी बांधलेलं मोठं तळं आणि महादेवाचं देऊळ आहे. तळ्याच्या पायऱ्यांवर सकाळी सावली असते, तिथे बसलो.

तिथून वर डोंगराकडे मान केली की सह्याद्रीच्या कड्यावरून खाली उतरणारे जाड नळ दिसतात. हे टाटांचं वीजघर. लोणावळ्याला वळवण, लोणावळा आणि शिरवता अशी धरणं बांधून पावसाचं पाणी अडवलं आणि ते पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून नळांतून इथे खाली सोडलं. १९१५ मध्ये वीज सुरू झाली आणि तिच्यावर मुंबईच्या कापडगिरण्या फिरू लागल्या. त्याआधी गिरण्या कोळशावर चालत, धुराने मुंबई काळी व्हायची. वीजघरातून बाहेर पडलेलं पाणी पाताळगंगेत जातं, म्हणून ती नदी भर उन्हाळ्यातही वाहते. कोलाडच्या कुंडलिकेची गोष्ट पुन्हा तीच. जुलैत बेफाम कोसळणारं पाणी वर अडवून ठेवलं, थोडं थोडं सोडलं, तर त्यावर एक शहर उजळतं.

कापडवाल्या माणसाला गिरण्यांची गोष्ट आवडणारच. हे बराच वेळ नळांकडे बघत राहिले. यांचे आजोबा मुंबईला गिरणीत होते, तिथून गावी येताना कापडाचे तुकडे आणायचे आणि त्यातूनच दुकान उभं राहिलं. म्हणाले, "म्हणजे आपलं दुकान पाण्यानेच उभं केलं म्हणायचं." पुढचं वाक्य दोघांनाही माहीत होतं, कुणी बोललं नाही. मग उठून गाडीकडे निघाले आणि जाता जाता म्हणाले, "फळी आणखी तीन फूट वर घ्यायला हवी. जूनच्या आधी. सुताराला उद्याच सांगतो."

परतीला पुन्हा अंबा नदी, पुन्हा पालीचा चहा. पुलाजवळ गाडी थांबवून हे खाली उतरले, विजार दुमडली आणि गोट्यांमधून पाण्यात जाऊन उभे राहिले. पाणी पोटरीपर्यंतही नव्हतं. आम्ही वरून फोटो काढून लेकीला पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"अब्बा पाण्यात?"

"हो."

"काय म्हणतात?"

आम्ही खाली ओरडून विचारलं. हे वर न बघताच म्हणाले, "तिला सांग, धाकट्याला घेऊन ये म्हणावं दिवाळीच्या सुट्टीत. सावित्रीत पाणी तेव्हा शांत असतं. त्याला पोहायला शिकवायचंय." आणि मग, थोडं थांबून, "टीचरचंही नाव लिहून घे."